बॅकस्ट्रोकवाली अध्यक्ष: कर्स्टी कोव्हेंट्री आणि आपले ठाण्याचे तलाव

क्लोरिनची_आई (ठाणे पश्चिम)

मंगळवारी पहाटे पावणेसहाला तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते. आत लेकीची बॅच, बाहेर आम्ही नेहमीचे सात-आठ आईबाप. कुणाच्या हातात थर्मास, कुणी भिंतीला टेकून उरलेली झोप पुरी करतंय. शेजारचे एक बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "ऑलिंपिकची आताची अध्यक्ष पोहणारी आहे, माहितेय ना? तीही बॅकस्ट्रोकवाली." मग ते पुन्हा शेअर बाजारात बुडाले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. माझी लेकही बॅकस्ट्रोकवाली, म्हणजे उताणं पोहणारी आहे, वय दहा. आणि त्याच दिवशी ती डोक्याला टेंगूळ घेऊन बाहेर आली. ते पुढे सांगते.

घरी येऊन वाचत बसले. बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी धाग्याला पाया हवा म्हणून लिहिते. कर्स्टी कोव्हेंट्री, जन्म १९८३, हरारे. सिडनी २००० ते रिओ २०१६ अशी सलग पाच ऑलिंपिक. अथेन्सला तीन पदकं, बीजिंगला चार. २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण दोन्ही वेळा तिचंच. झिम्बाब्वेची ऑलिंपिक पदकं एकूण आठ, त्यातली सात या एकटीची. उरलेलं एक १९८० च्या मॉस्कोमधलं, महिला हॉकी संघाचं. २० मार्च २०२५ ला ग्रीसमध्ये मतदान झालं आणि ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची दहावी अध्यक्ष झाली. १८९४ पासून पहिलीच बाई, आणि आफ्रिकेतून आलेली पहिलीच व्यक्ती. वय तेव्हा एक्केचाळीस.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पदकं मिळवलेलं माणूस खुर्चीत बसलं की खेळाचं खरंच भलं होतं का? आणि आपल्याकडे पोहणारी मुलं दहावी-बारावीनंतर जातात कुठे? पाण्यातून बाहेर आली की दिसेनाशीच होतात.

---

घोडबंदरी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: क्लासला. पहिल्याचं माहीत नाही.

आमच्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये 'ऑलिंपिक दर्जाचा जलतरण तलाव' होता. ताबा मिळाल्यावर बघतो तर काजूच्या आकाराचा टँक. तीन हात मारले की भिंत, आणि ती भिंतही वाकडी. बॅकस्ट्रोक करणारा माणूस निघतो एका टोकाहून आणि पोचतो लहान मुलांच्या घसरगुंडीखाली.

---

व्याकरणकाका

शीर्षकात 'अध्यक्ष' लिहिलंत, 'अध्यक्षा' नाही, त्याबद्दल आभार. पद हे पद असतं. बाकी पोहण्यातलं मला कळत नाही. मी मासुंदा तलावाला फक्त फेऱ्या मारतो, बाहेरून.

---

जुना_बटरफ्लाय (वाशी)

नव्वदच्या दशकात राज्य पातळीपर्यंत पोहलोय, आता पोट सांभाळून आहे. पण बीजिंगच्या त्या शर्यती मी पुन्हा पुन्हा बघितल्यात, म्हणून थोडं लांबण लावतो.

लोक तिची सुवर्णं मोजतात. मला तिची बीजिंगची तीन रौप्यं जास्त बोलकी वाटतात. १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या उपांत्य फेरीत तिने ५८.७७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत ५९.१९, आणि अमेरिकेची नॅटली कॉफलिन ५८.९६ ला पोचली. म्हणजे आदल्या दिवशीचा स्वतःचाच वेळ पुन्हा काढता आला असता तर सुवर्ण होतं. ४०० मीटर मेडलेत (एकाच शर्यतीत पोहण्याचे चारही प्रकार) ऑस्ट्रेलियाच्या स्टेफनी राइसपेक्षा ४४ शतांश सेकंद मागे, २०० मेडलेत १४ शतांश. तिन्ही फरक मिळून ०.८१ सेकंद. टाळी वाजवायला हात उचलेपर्यंत तेवढा वेळ जातो. आणि त्याच आठवड्यात २०० बॅकस्ट्रोकला २:०५.२४ चा विश्वविक्रम करून सुवर्ण.

एका आठवड्यात तीनदा नखाएवढ्या अंतराने हरूनही चौथ्यांदा ब्लॉकखाली पाण्यात उतरून दांडी धरायची, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातून असते, वरून सूर मारायची ऐट नाही. आणि हा एकच प्रकार असा, की जिथे पोचायचंय ते शेवटपर्यंत दिसत नाही. डोळ्यांसमोर फक्त छप्पर.

निवडणुकीचंही तसंच. ९७ मतं, जिंकायला ४९ लागत होती. तिला पडली ४९. एक कमी असतं तर दुसरी फेरी.

---

दोनदा_विचार

वर सगळं छान आहे, पण जरा थंड पाणी ओततो.

आमच्या पिढीला झिम्बाब्वे माहीत आहे तो क्रिकेटमुळे. २००३ च्या विश्वचषकात अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा हरारेत दंडाला काळी फीत बांधून उतरले होते, देशातल्या लोकशाहीचं मरण म्हणून. दोघांचीही देशासाठीची कारकीर्द त्या स्पर्धेबरोबर संपली. त्याच देशात कोव्हेंट्रीला बीजिंगनंतर राष्ट्राध्यक्ष मुगाबेंनी एक लाख डॉलर दिले आणि ती 'गोल्डन गर्ल' झाली. २०१८ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष मनान्गाग्वांच्या मंत्रिमंडळात ती युवा आणि क्रीडा खात्याची मंत्री झाली, ते थेट २०२५ पर्यंत. तिच्याच काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फिफाने झिम्बाब्वेला सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं. जुलै २०२३ पर्यंत त्यांचा फुटबॉल आंतरराष्ट्रीय मैदानाबाहेर.

मंत्री म्हणून जिच्या सरकारवर हस्तक्षेपाचा ठपका आला, ती आता सरकारी हस्तक्षेप चालणार नाही असं सांगणाऱ्या संस्थेच्या डोक्यावर. पोहण्यातल्या पदकांनी हे धुऊन निघत नाही.

आणि मावळते अध्यक्ष बाख यांचा कौल तिच्याकडे होता, असं तेव्हा सर्रास छापून येत होतं. समोर सेबॅस्टियन को होते. १५०० मीटरची दोन सुवर्णं, लंडन २०१२ चं आयोजन, जागतिक अ‍ॅथलेटिक्सचं अध्यक्षपद. त्यांना मतं किती? आठ. तेव्हा 'खेळाडू जिंकला' असं म्हणण्यापेक्षा 'घरातला उमेदवार जिंकला' म्हणा.

---

क्लोरिनची_आई

@दोनदा_विचार, मुद्दे मान्य. हे मी वाचलं होतं, पहिल्या पोस्टमध्ये घातलं नाही, कारण आधी कौतुक करावंसं वाटलं. प्रामाणिक उत्तर.

पण को हरले म्हणजे खेळाडू हरला असंही नाही ना. दोघंही खेळाडूच. बाखसुद्धा १९७६ चे तलवारबाजीतले सुवर्णपदकवाले. त्यांच्याआधीचे रॉग शिडाच्या बोटीतून तीन ऑलिंपिक खेळलेले.

---

वकील_नेरुळ

फिफाच्या निलंबनाची दुसरी बाजूही मांडतो, कारण अर्धी गोष्ट वाईट. तिथल्या क्रीडा आयोगाने फुटबॉल संघटनेचं मंडळ बाजूला केलं ते पैशांच्या हिशेबावरून आणि महिला पंचांच्या छळाच्या तक्रारींवरून. तक्रारी किरकोळ नव्हत्या. पण फिफाच्या नियमात सरकारने हात घातला की शिक्षा देशाच्या फुटबॉलला. घोटाळा पदाधिकाऱ्यांनी करायचा आणि घरी बसायचं खेळाडूंनी.

आपल्यालाही हे नवीन नाही. डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले शिवा केशवन वगैरे खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्यामागे चालले. मी तेव्हा नुकतीच सनद घेतली होती. टीव्हीवर ते बघताना घरात कुणी काही बोललं नव्हतं.

तिच्या वाटचालीतला एक टप्पा धाग्यात राहिलाय. ती समितीत शिरली ती खेळाडू आयोगातून. ऑलिंपिकच्या वेळी क्रीडाग्रामात खेळाडूच मतदान करतात आणि आपले प्रतिनिधी निवडतात. लंडन २०१२ ला ती उभी होती, पण पहिल्या चारांत नव्हती. मग प्रचाराचे नियम मोडले म्हणून वरचे दोघं बाद झाले, त्यात जपानचा हातोडाफेकपटू मुरोफुशीसुद्धा. त्या दोन जागा गेल्या कोव्हेंट्रीला आणि फ्रान्सच्या टोनी एस्टांगेला. एस्टांगे पुढे पॅरिस २०२४ च्या आयोजनाचा प्रमुख झाला आणि ही अध्यक्ष. दोघंही राखीव यादीतून वर आलेले.

---

घोडबंदरी

म्हणजे वेटिंग लिस्ट क्लिअर होऊन डायरेक्ट एसी फर्स्टमध्ये. आमचं तुतारीचं तिकीट कधी आरएसीच्या वर जात नाही.

---

चिवला (मूळ मालवण, सध्या ऐरोली)

मी डबा बांधून विहिरीत ढकललेला पोहणारा. काका वरून दोरी धरून उभा, मी खाली बोंबलतोय, असं प्रशिक्षण. नंतर चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे हौसेने उतरायचो.

क्लोरिनताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे चांगला जलतरणपटू म्हणजे नोकरीचा अर्ज. रेल्वे, पोलीस, बँक. वाईट नाही, पोट भरतं. पण ती वाट खेळापासून लांब नेते. वीरधवल खाडे बघा. कोल्हापूरचा मुलगा, बीजिंगला गेला तेव्हा सतराही पुरी नव्हती, कोव्हेंट्री विक्रम करत होती त्याच तलावात उतरला. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य, पोहण्यात भारताला चोवीस वर्षांनी मिळालेलं पदक. त्याआधीचं १९८६ मधलं खजान सिंगचं. सरकारने त्याला काय केलं? तहसीलदार. मान मोठा, पण सातबारे आणि वाळूचे ट्रक सांभाळणाऱ्याने पहाटे सराव कधी करायचा? नंतर तो स्पर्धेत परतला, त्याचं कौतुक वेगळं.

सभागृहापर्यंत गेलेलं एक नाव आठवतं. बंगालची बुला चौधरी, इंग्लिश खाडी दोनदा पोहलेली, पुढे तिथे आमदार झाली. पण ते राजकारण. जलतरणाच्या संघटनेत, मतदान होतं त्या खोलीत, पोहणारे किती?

---

वकील_नेरुळ

त्या खोलीचं दार थोडं किलकिलं झालंय. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. राष्ट्रीय संघटनांची कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू. खेळाडूंची समिती वेगळी. वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण, म्हणजे प्रत्येक निवडणुकीनंतर उच्च न्यायालयात पळायला नको.

ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा डिसेंबर २०२२ पासून आहेतच, त्याही पहिल्या महिला. अ‍ॅथलेटिक्स महासंघ आपल्या मुंबईच्या आदिल सुमारीवालांनी बारा वर्षं चालवला, तेही मॉस्को १९८० चे धावपटू. तेव्हा अगदीच वाळवंट नाही.

---

दोनदा_विचार

कायद्यातले दोन खेळाडू पंधरांत कुठे बसणार? फोटोत, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे. सरपंचबाईंच्या जागी सरपंचपती बसतात त्या राज्यात राहतो आपण.

---

स्विमकॅप_निळी

ट्रान्सजेंडर खेळाडू आणि महिला गटाच्या नियमांबद्दल कोव्हेंट्री काय करतेय यावर कुणीच कसं बोलत नाही?

---

जुना_बटरफ्लाय

@स्विमकॅप_निळी, त्याला वेगळा धागा हवा. इथे सुरू केलं तर शंभरी गाठू आणि सगळे एकमेकांना ब्लॉक करून झोपू.

@दोनदा_विचार, तुमच्या फोटोवाल्या मुद्द्यावर माझी एक गोष्ट. घरी सोडून कुठेच सांगितलेली नाही.

बारावीचं वर्ष. निवड चाचणी, १०० मीटर बटरफ्लाय. तलावाचं आणि स्पर्धेचं नाव घेत नाही, ती माणसंही आता असतील-नसतील. इलेक्ट्रॉनिक टचपॅड वगैरे नव्हतं, हातातली घड्याळं. नियम असा की एका लेनला तीन घड्याळं, दोन जुळली तर तो वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधला. आमच्या लेनला दोनच खुर्च्या. लाल प्लॅस्टिकच्या. एकीवर जे गृहस्थ होते ते वडापाव खात होते. मी टच केला, मान वर केली, तेव्हा ते कागदातली चटणी बोटाने पुसत होते. मग घाईने घड्याळ दाबलं. ते मी डोळ्यांनी बघितलं, पाण्यातून, गॉगल कपाळावर ढकलून. शेजारच्या घड्याळात माझा वेळ निवडीच्या आत होता. यांच्या घड्याळात बाहेर. दोन घड्याळं असली की सरासरी काढतात. सरासरी बाहेर गेली.

बाबा बोलायला गेले, तर उत्तर मिळालं, "तुम्ही पोहलायत का कधी?" बाबा कधीच पोहलेले नव्हते. ते गृहस्थही नव्हते.

लोझानच्या, म्हणजे ऑलिंपिक समितीच्या मुख्यालयातल्या खुर्चीचं मला फारसं कळत नाही. पण ती लाल खुर्ची मला अजून दिसते. तिथे एखादा पोहणारा बसला असता तर वडापाव शर्यतीनंतर खाल्ला असता, एवढं नक्की.

---

चिवला

_/\_

काय बोलणार.

---

दोनदा_विचार

मी वाद घालायला आलो होतो, पण हे वाचून थांबलो. एकच विचारतो, राग मानू नका. मग त्या खुर्चीत तुम्ही का नाही बसलात इतकी वर्षं?

---

जुना_बटरफ्लाय

राग नाही. खरं सांगायचं तर रुसलो होतो. तीस वर्षं रुसून बसलो. मुलाला टेबल टेनिसला घातलं.

---

क्लोरिनची_आई

बटरफ्लायदादा, आता टेंगळाची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याच खुर्चीच्या शेजारची आहे.

बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकांना, भिंतीपासून पाच मीटरवर, पाण्याच्या वर एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर पताकांची दोरी असते. पताका डोक्यावरून गेल्या की हात मोजायचे. आपल्याला किती हात लागतात हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं, उंचीप्रमाणे. मोठे पोहणारे ते झोपेतही मोजतात. आमच्या तलावावरची एका बाजूची दोरी पावसाळ्यापासून तुटलेली. लेक पहिल्या बाजूला बरोबर वळते, दुसऱ्या बाजूला अंदाजपंचे. मंगळवारी अंदाज चुकला. भिंतीवर डोकं. आवाज पायऱ्यांपर्यंत आला.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, मी दोनदा लिहून दिलंय. ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "पताका? सजावटीच्या?" चिडून उपयोग नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याची बदली दुसऱ्या खात्यातून झालेली. म्हणाला, अर्ज द्या, पुढच्या खरेदीत बघू.

म्हणून मी तो पहिला प्रश्न विचारला होता. २०० मीटर उताणं पोहलेली बाई 'पताका कशाला' असं विचारणार नाही. याहून मोठी अपेक्षा माझी तरी नाही. बाकी मंत्री म्हणून तिने काय केलं, काय गिळलं, ते दोनदा_विचार यांनी मांडलंय ते बरोबरच आहे, आणि तेही लक्षात ठेवायला हवं.

---

वकील_नेरुळ

अर्ज द्या, पोच घ्या, शिक्का मारून. आणि डोक्याला लागल्याचं स्पष्ट लिहा. 'सुरक्षा' हा शब्द आला की फाइल जरा लवकर हलते. मसुदा व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

जुना_बटरफ्लाय

अर्ज द्याच. पण तोवर पोरींनी डोकी आपटायची का? दोरीला लागतं काय? नायलॉनची दोरी, दोन्ही कडांना हूक, आणि त्रिकोण. रविवारी मी ठाण्यात येतो. सरांना विचारून ठेवा.

---

क्लोरिनची_आई

सरांचा होकार आहे. ऑफिसवाले म्हणाले, आम्ही बघितलं नाही असं समजा.

---

क्लोरिनची_आई (रविवार, दुपार)

अहवाल देते.

बटरफ्लायदादा साडेपाचला हजर, बरोबर बायको आणि टेप. चिवला ऐरोलीहून दोरी घेऊन आले, आणि गाठी मारल्या त्या पाहण्यासारख्या. होडीच्या गाठी असाव्यात. त्रिकोणांसाठी कापड आणायचं राहिलंच होतं. मग नाक्यावर उतरवून ठेवलेला एक वाढदिवसाचा फ्लेक्स होता, शुभेच्छुकांच्या सत्तावीस फोटोंसह. रीतसर विचारून आणला. मागची पांढरी बाजू खाली केली, पण काही त्रिकोण उलटे शिवले गेले. त्यामुळे आता पाच मीटरच्या खुणेवर अधूनमधून एखादा शुभेच्छुक हात जोडून खाली बघतो.

दादांनी टेप तीनदा लावली. चार मीटर नव्वद निघालं तेव्हा सगळी दोरी पुन्हा सोडून लावली. वॉचमनकाका बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

लेक सात वेळा गेली आणि आली. पहिल्या तीनदा भिंतीच्या आधीच थांबली, भीतीने. चौथ्यांदा नीट टच. बाहेर येऊन दात वाजत असताना म्हणाली, "सहा हात, आई. त्या बाजूलापण सहाच."

आणि दादांनी सरांकडे विचारणा केली, तांत्रिक अधिकाऱ्यांची परीक्षा कधी असते म्हणून. मी ऐकलं, ते नाकारणार आहेत.

---

जुना_बटरफ्लाय

नुसती चौकशी केली. फॉर्म भरलेला नाही. अजून.

---

दोनदा_विचार

भरा. वडापाव मी आणतो, शर्यतीनंतर.

---

घोडबंदरी

फ्लेक्स उरलाय का? आमच्या काजूला पण लावू म्हणतो. फक्त एक अडचण आहे. मोजून बघितलं, टँक लांबीला जेमतेम दहा मीटर. दोन्ही भिंतींपासून पाच-पाच मीटर मोजलं तर एकाच दोरीत काम होतंय.